लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड हवंच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की ओळखीपाळखीतून माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न साधारण एकच असतो: "कार्डवालाच लॅपटॉप घ्यावा लागेल का?" कार्डामुळे किंमत बऱ्याचदा पंधरा-वीस हजारांनी वर जाते आणि घरात तेवढ्यासाठी ओढाताण होते, म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इतक्या वर्षांत लोकांनी जे जे विचारलं, ते उत्तरांसकट इथे एकत्र केलं आहे.

इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनवर जे दिसतं ते रंगवण्याचं काम ग्राफिक्स चिप करते. ती प्रोसेसरच्याच पोटात असली की इंटिग्रेटेड. दुकानात तिला 'इनबिल्ट' म्हणतात. स्वतःची रॅम घेऊन ती बोर्डावर वेगळी बसलेली असली की ते डेडिकेटेड कार्ड.

पूर्वी हे इनबिल्ट ग्राफिक्स मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असायचं आणि खरोखरच कमकुवत होतं. त्याचं वाईट नाव आजही त्याच काळावरून चालत आलंय. २०११ मध्ये इंटेलने 'सँडी ब्रिज' आणि एएमडीने 'लॅनो' या प्रोसेसरांत ग्राफिक्स थेट प्रोसेसरच्या सिलिकॉनवर आणलं. आज लॅपटॉपच्या जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये ते असतंच, महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्येसुद्धा. ब्राउझर, वर्ड, ऑनलाइन लेक्चर चालू असताना तिथेही बहुधा तेच स्क्रीन सांभाळतं आणि मोठं कार्ड झोपलेलं असतं.

मग ते पुरतं का?

बहुतेकांना पुरतं. अभ्यास, ऑफिस, टॅली, कोडिंग, मराठी टायपिंग, फोटो, साधं व्हिडिओ एडिटिंग, वेब सिरीज, हलके गेम, हे सगळं त्यात येतं. मात्र एक अट आहे: प्रोसेसर नीट निवडलेला हवा आणि रॅम नीट लावलेली हवी. लोक कार्डावर वाद घालतात आणि रॅमकडे कोणी पाहतच नाही. माझ्या अनुभवात 'ग्राफिक्स कमी पडतंय' अशा तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त रॅमपाशी येऊन संपतात.

रॅमचा आणि ग्राफिक्सचा काय संबंध?

वेगळ्या कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. इनबिल्ट ग्राफिक्सला ती नसते, ते लॅपटॉपच्या रॅममधूनच जागा घेतं. जागेपेक्षाही मोठा प्रश्न वेगाचा आहे. रॅममधून एका सेकंदात किती डेटा ये-जा करू शकतो, त्यावर ग्राफिक्सचं पोट भरतं.

आकडेच बघा. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी लावली, तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. तशाच दोन पट्ट्या लावल्या, की ५१.२ जीबी. एलपीडीडीआर५-६४०० या प्रकारची रॅम पूर्ण १२८ बिट रुंदीने (म्हणजे डेटाच्या पूर्ण रुंद वाटेने) जोडलेली असेल, तर १०२.४ जीबी. आरटीएक्स ४०५० या लॅपटॉप कार्डाची स्वतःची मेमरी १९२ जीबी देते.

एकाच पट्टीवर चालणारं इनबिल्ट ग्राफिक्स म्हणजे मोठा पंप आणि अर्ध्या इंचाचा पाइप. पंपाला दोष देऊन उपयोग नाही.

इंटिग्रेटेड म्हणजे मुळातच दुबळं, असंही नाही. प्लेस्टेशन ५ मध्येही प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत, पण तिथे मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र तर पूर्णपणे इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर चालतं. त्याची मेमरी ८८ जीबीची आणि स्क्रीन १२८० बाय ८००, असा मेळ विचार करून बसवला आहे.

बॉक्सवर 'आयरिस एक्सई' लिहिलंय आणि विंडोजमध्ये 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतंय. फसवणूक झाली का?

नाही. ही दोन्ही इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सचीच नावं आहेत. चिप तीच आहे, रॅमची एक पट्टी कमी आहे. अकराव्या, बाराव्या, तेराव्या पिढीच्या ज्या इंटेल प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई आहे, त्यांच्यात हे नाव ड्युअल चॅनल, म्हणजे दोन मार्गांनी जोडलेली रॅम असेल तरच दिसतं. एकच पट्टी असेल तर ड्रायव्हर 'यूएचडी' दाखवतो.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. ती सिव्हिलला आहे. ऑटोकॅडमध्ये मोठा प्लॅन उघडून झूम केलं की रेषा मागून फरपटत यायच्या. कॉलेजात तिला सांगितलं गेलं की कार्ड नाही, म्हणून असं होतंय. लॅपटॉप विकून दुसरा घे. तिचा चेहरा पडला होता, कारण लॅपटॉप घेऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. खाली उजवीकडे लिहिलेलं होतं: स्लॉट दोन, वापरात एक.

आधीच्याच वेगाची ८ जीबीची पट्टी आणली. लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, मागचे बारीक स्क्रू काढले, जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून झाकण उचकटलं आणि आधी बॅटरीची वायर सोडवली. पट्टी स्लॉटमध्ये तिरकी घालायची, सोनेरी टोकं पूर्ण आत गेली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' करून बसतात. झाकण लावून बटण दाबलं, तर स्क्रीन काळीच. भाची माझ्याकडे बघायला लागली. नवी रॅम ओळखून घ्यायला पहिल्या वेळी थोडा वेळ लागतो. मिनिटभराने लोगो आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडीच्या जागी आयरिस एक्सई हे नाव आलं आणि तोच प्लॅन बोटाबरोबर सरकू लागला. त्याच लॅपटॉपवर ती आता तिसऱ्या वर्षात आहे.

हे घरी करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. झाकण उघडल्यावर वॉरंटी जाणार असेल, तर सर्व्हिस सेंटरमधूनच पट्टी बसवून घ्या.

माझ्या लॅपटॉपला दुसरा स्लॉटच नाही. मग?

आधी रॅम कुठली आहे ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये त्याच पानावर 'फॉर्म फॅक्टर' असतो. तिथे एसओडीआयएमएम असेल तर पट्टी आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. सोल्डर केलेली एलपीडीडीआर रॅम बहुतेक चांगल्या लॅपटॉपमध्ये पूर्ण रुंदीनेच जोडलेली असते, तिला दुसऱ्या पट्टीची गरज नाही. तिचं दुखणं वेगळं: पुढे वाढवता येत नाही. असा लॅपटॉप घेताना १६ जीबीच घ्या, ८ वर समाधान मानू नका.

आणखी एक गोंधळ डीडीआर५ मुळे होतो. तिच्या एकाच पट्टीत ३२-३२ बिटचे दोन उपमार्ग असतात. काही सॉफ्टवेअर ते 'दोन चॅनल' म्हणून दाखवतात आणि माणूस निर्धास्त होतो. एकूण रुंदी ६४ बिटच असते. दुसरी पट्टी तिथेही लागतेच.

रॅम ८ जीबी आहे, पण विंडोज त्याहून कमी दाखवतं. उरलेली कुठे गेली?

तो वाटा ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो. काही लॅपटॉपमध्ये तो १२८ एमबी असतो, काहींत ५१२ एमबी, काहींत २ जीबीपर्यंत. शिवाय गरज पडेल तसं विंडोज निम्म्यापर्यंत रॅम ग्राफिक्सला वापरू देतं. म्हणूनच इनबिल्ट ग्राफिक्सबरोबर ८ जीबी रॅम मला अपुरी वाटते. क्रोमचे पंधरा टॅब उघडले की दोघांची ओढाताण सुरू होते.

प्रोसेसरच्या नावावरून ग्राफिक्स कसं आहे ते कळतं का?

कळतं, पण नीट वाचावं लागतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'आय५ आहे', 'रायझन ५ आहे' एवढ्यावर कधीही जाऊ नका.

इंटेलचं उदाहरण घ्या. कोअर आय५-१२३५यू मध्ये ग्राफिक्सचं काम करणारी ८० एक्झिक्युशन युनिट आहेत आणि आय५-१२४५०एच मध्ये ४८. नावात 'एच' असलेला प्रोसेसर दणकट समजून लोक घेतात. गणिताच्या कामात तो दणकट आहेही, पण इनबिल्ट ग्राफिक्स कमी आहे, कारण तो वेगळ्या कार्डाच्या जोडीला बसवायचा म्हणून बनवलाय. कार्डाविना १२४५०एच किंवा तसाच १३४२०एच घेतला, तर ग्राफिक्सपुरते तुम्ही मागे गेलात.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रामध्ये उलटं आहे. तिथे अल्ट्रा ५ १२५एच मध्ये ७ एक्सई कोअर (ग्राफिक्सचेच भाग, फक्त मोजणी वेगळी), अल्ट्रा ७ १५५एच मध्ये ८, आणि १२५यू मध्ये फक्त ४. म्हणजे या मालिकेत 'एच'च सरस.

एएमडीकडे गोंधळ आणखी मोठा. ही चारही नावं 'रायझन ५' आणि '७०००' मालिकेतलीच आहेत: ७५२०यू, ७५३०यू, ७५३५यू, ७६४०यू. पहिल्यात रेडिऑन ६१०एम, त्यात फक्त २ कंप्यूट युनिट. दुसऱ्यात जुनं वेगा, ७ युनिट. तिसऱ्यात ६६०एम, नव्या घडणीची ६ युनिट. चौथ्यात ७६०एम, ८ युनिट. दुकानात हे चारही 'रायझन ५, सात हजार सिरीज' म्हणून एकाच फळीवर मांडलेले असतात. यांत तिसरा अंक बघायचा: २ असेल तर प्रोसेसर जुन्या झेन २ घडणीचा, ३ असेल तर झेन ३ चा, ४ असेल तर झेन ४ चा. पण तिसरा अंक ३ असणाऱ्यांतही वेगा आणि ६६०एम असे दोन्ही आहेत, म्हणून शेवटी ग्राफिक्सचं नाव वेगळं शोधाच.

वरच्या टप्प्यात एएमडीची ६८०एम, ७८०एम, ८९०एम आणि इंटेलचं आर्क १४०व्ही ही नावं दिसली, तर बिनधास्त पुढे व्हा. तिथे इनबिल्ट ग्राफिक्स खरोखर कामाचं आहे.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातेय. कॉलेजमध्ये म्हणतात कार्ड लागेलच.

पहिली दोन वर्षं सी, जावा, पायथन, डेटाबेस, वेब डेव्हलपमेंट यातच जातात. यातल्या एकालाही कार्ड लागत नाही. अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) रॅम खातो, त्याला १६ जीबी द्या.

कार्डवाल्या लॅपटॉपचं ओझंही हिशेबात धरा. तो सव्वादोन-अडीच किलोचा असतो आणि त्याचा चार्जर विटेएवढा. रोज एसटी किंवा लोकल पकडणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते चार वर्षं राहणार. साधा लॅपटॉप दीड किलोच्या आसपास, चार्जर ६५ वॉटचा, कित्येकदा टाइप-सी. बॅटरीही जास्त टिकते, आणि जिथे लेक्चर हॉलमध्ये प्लगपाशी जागा धरण्यासाठी धावावं लागतं तिथे याचं मोल कळतं.

पण एआय आणि मशीन लर्निंग शिकायचं असेल तर?

इथे प्रश्न योग्य आहे. डीप लर्निंगची बहुतेक साधनं एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या 'कुडा' या प्रणालीवर सगळ्यात सुरळीत चालतात आणि इनबिल्ट ग्राफिक्सवर कुडा चालत नाही. तरीही शिकण्याच्या टप्प्यावर गुगल कोलॅब आणि कॅगल या ऑनलाइन सेवांवर ग्राफिक्स प्रोसेसर मोफत मिळतो. कोलॅबवर मिळणाऱ्या टी४ या ग्राफिक्स प्रोसेसरला १६ जीबीची मेमरी आहे, लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० ला ६ जीबी. कॅगलवर आठवड्याचे तास ठरलेले असतात आणि कोलॅबवर कधीकधी रांग लागते, हे खरं. पण प्रवेश घेतानाच त्यासाठी पैसे अडकवू नयेत, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. मुलगी तिसऱ्या वर्षी खरंच त्यात रमली, तर तेव्हा त्याच पैशात याहून चांगलं कार्ड मिळेल.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर?

ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगला इनबिल्ट पुरतं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने त्यासाठी मूलभूत गरज म्हणून ग्राफिक्स मेमरीचा वेग सेकंदाला २९ जीबी सांगितला आहे. वरचे आकडे आठवा: एका पट्टीचे २५.६, दोन पट्ट्यांचे ५१.२. भाचीचा प्लॅन का फरपटत होता, याचं उत्तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अभ्यासक्रमातले सुटे भाग इनबिल्टवर बनवता येतात. शेकडो भागांची असेंब्ली फिरवायची तर कार्ड हवं. आर्किटेक्चरला मात्र मी स्पष्ट सांगतो: कार्ड घ्या. इमारतीचं मॉडेल बनवणारं रेव्हिट एकवेळ निभावेल, पण ल्युमियन आणि एन्स्केप यांसारखी रेंडरिंगची सॉफ्टवेअर इनबिल्टवर चालवणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री रडणं. तिथे किमान ६ जीबी मेमरीचं कार्ड बघा.

फोटोशॉप, कोरलड्रॉ, डीटीपी?

निर्धास्त राहा. फ्लेक्सच्या मोठ्या फाइल अडकतात त्या रॅम आणि एसएसडीमुळे.

व्हिडिओ एडिटिंग?

काय शूट करता त्यावर आहे. मोबाइलवरचे रील, यूट्यूबसाठी फुल एचडी, यासाठी इनबिल्ट चांगलं चालतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाचा व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो आणि तो फार कामाचा आहे.

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मित्रांना हे मुद्दाम सांगतो. आजचे मिररलेस कॅमेरे एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेला) व्हिडिओ रेकॉर्ड करतात. हा प्रकार अकराव्या पिढीपासूनचं इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स हार्डवेअरवर उलगडतं. एनव्हिडियाची कार्डं मात्र आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत तो हार्डवेअरवर उलगडत नव्हती. म्हणजे आरटीएक्स ४०६० कार्ड असलेल्या लॅपटॉपवर टाइमलाइन अडखळते आणि इंटेलच्या साध्या लॅपटॉपवर तीच क्लिप प्रीमिअरमध्ये सरळ चालते, असं घडू शकतं. कार्ड घ्यायचंच असेल, तर शूटिंगवाल्यांनी सोबत इंटेलचा प्रोसेसर आहे ना ते पाहावं. त्याचं इनबिल्ट ग्राफिक्स बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करू नये.

कलर ग्रेडिंग, इफेक्ट, फोर-केचे तीन-चार थर असं रोजचं काम असेल तर कार्ड लागतंच. दा व्हिन्ची रिझॉल्व्ह तर बहुतेक भार ग्राफिक्सवरच टाकतं.

गेम?

व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सने किमान गरज म्हणून इंटेल एचडी ४००० लिहिलंय, आणि ते २०१२ चं इनबिल्ट ग्राफिक्स आहे. त्यामुळे व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५ हे दोन पट्ट्या असलेल्या कुठल्याही बऱ्या लॅपटॉपवर चालतात. सेटिंग खाली आणायची तयारी ठेवा. ७८०एम किंवा आर्क असेल तर बरेच नवे गेमही ७२०पी-१०८०पीच्या मधे खेळता येतात. सायबरपंकसारखे गेम चांगल्या दृश्यांसकट खेळायचे असतील, तर कार्डाला पर्याय नाही. मुलाला गेमसाठीच लॅपटॉप हवा असेल, तर त्याने तसं घरी मोकळेपणाने सांगावं. 'अभ्यासाला कार्ड लागतं' हे कारण कशाला?

मग मधला मार्ग म्हणून २ जीबीचं किंवा ४ जीबीचं छोटं कार्ड घेऊ का?

नको. एनव्हिडियाच्या एमएक्स मालिकेतली २ जीबीची कार्डं आजच्या चांगल्या इनबिल्टच्या पुढे फारशी जात नाहीत. त्यांनी उष्णता वाढते आणि बॅटरी लवकर संपते. कार्ड घ्यायचं ठरलं तर नीट घ्या, नाहीतर ते पैसे १६ जीबी रॅम, चांगली स्क्रीन आणि मोठ्या एसएसडीत घाला. फिकट रंगांच्या पॅनेलकडे चार वर्षं रोज बघावं लागतं, हे खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही.

नंतर कार्ड बसवता येतं का?

लॅपटॉपमध्ये सहसा नाही, ते बोर्डावरच सोल्डर असतं. थंडरबोल्ट हा वेगवान पोर्ट असेल तर कार्ड ठेवायचा डबा बाहेरून जोडता येतो, पण डबा आणि कार्ड यांच्या खर्चात वेगळा पीसी होतो.

दोन मॉनिटर, फोर-के टीव्ही जोडता येईल?

येईल. अडचण बहुधा पोर्टची असते. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच अडकतं आणि माउस जड वाटतो, २.० असेल तर ६० मिळतात. टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर जातं की नुसतं चार्जिंग होतं, तेही विचारा.

मॅकबुकचं काय?

२०२० मधल्या एम१ पासून त्यांचंही ग्राफिक्स इंटिग्रेटेडच आहे आणि एडिटिंगला फार चांगलं आहे. रॅम नंतर वाढत नाही. शिवाय सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसारखी कॉलेजात लागणारी काही सॉफ्टवेअर मॅकवर येत नाहीत, ती यादी आधी कॉलेजकडून घ्या.

दुकानात उभं असताना काय तपासू?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तालुक्याच्या दुकानात, डेमो पीस चालू करायला सांगा. टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, वहीत लिहून घ्या. मेमरीवर जाऊन किती जीबी, कुठला वेग, किती स्लॉट भरलेत ते बघा. जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सवर) जाऊन नाव बघा. एक पट्टी असेल, तर दुसरी लावून किती घ्याल ते तिथेच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. डेमो पीस आणि तुम्हाला मिळणारा बंद डबा यांचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच नावाखाली वेगवेगळी रॅम घातलेले प्रकार विकले जातात. घरी डबा उघडल्यावर पहिलं विंडोज अपडेट झालं, की हीच तीन पानं पुन्हा उघडून वहीतल्या नोंदींशी पडताळा. काही वेगळं दिसलं, तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात परत जा.